श्रीरामपूर कॉलेजची सहल: छापखान्यातल्या माणसाचा अभिप्राय

कोल्हापूरहून बंगालमधलं श्रीरामपूर कॉलेज आणि कोलकाता बघायला निघणारी ही सहल घ्यावी का, असं बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर आधीच देतो. घ्यावी. छपाई, शाळा-कॉलेज किंवा चर्च यांच्याशी ज्यांचा थोडाही संबंध आला असेल त्यांनी तर चुकवू नये. प्रवास, राहणं, जेवण यात नाव ठेवायला जागा नाही. उणं आहे ते एकाच ठिकाणी, आणि ज्यासाठी ही सहल निघते नेमकं तिथंच. श्रीरामपूर कॉलेजसाठी ठेवलेला वेळ अर्धा दिवससुद्धा भरत नाही. बाकी कोलकाता कुणीही दाखवेल. हे कॉलेज नीट दाखवणारं आपल्या भागात दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही, म्हणून या सहलवाल्यांकडून अपेक्षा जास्त आहेत.

श्रीरामपूर म्हटल्यावर आपल्याकडं नगर जिल्ह्यातलं गाव डोळ्यांपुढं येतं. हे ते नव्हे. हे हुगळी नदीच्या काठचं, कोलकात्याच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवरचं. हावड्याहून लोकल मिळते. तिथलं कॉलेज १८१८ सालचं आहे. आपलं राजाराम कॉलेज १८८० चं, म्हणजे हे त्याच्याही बासष्ट वर्षं आधीचं.

माझा यात जीव का अडकला ते सांगतो. मी कोल्हापुरात छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उभं आयुष्य काढलं. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, चर्चच्या वार्षिक सभेची पत्रकं, सगळं माझ्या हातून गेलं. वडील पाळक होते. पुण्याच्या सेमिनरीत शिकले, बंगाल त्यांनी कधी पाहिला नाही, पण भिंतीवर लावलेल्या त्यांच्या पदवीच्या कागदावर नाव होतं श्रीरामपूरचं. डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानं १८२७ साली या कॉलेजला सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुढं १९१८ मध्ये बंगाल सरकारनं कायदा करून तो अधिकार पक्का केला. तेव्हापासून देशभरच्या कितीतरी सेमिनऱ्यांचे विद्यार्थी श्रीरामपूरच्या नावाची पदवी घेतात. आपल्या मंडळीतल्या बहुतेक पाळकसाहेबांच्या घरी तो कागद सापडेल. एवढं मोठं नाव आणि कॉलेज मात्र आटोपशीर, नदीकाठच्या एका आवारात मावणारं.

आता सहलीबद्दल. कोल्हापूरहून पुण्यापर्यंत बस, पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं थेट हावडा. सहल चालवणारे दोघे भाऊ आहेत. थोरला हिशेब बघतो, धाकटा बरोबर येतो. धाकटा मनमिळाऊ. म्हाताऱ्या माणसांना खालचे बर्थ त्यानं न सांगता मिळवून दिले. पुण्यापर्यंतच्या बसमध्ये पुरणपोळी, गाडीत दशम्या, कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी. कोलकात्यात हॉटेल साधं पण स्वच्छ. सकाळी लुची आणि आलूर दम. ज्यांना माशाचा वास चालत नाही त्यांच्यासाठी वरण-भात वेगळा. पैसे वाजवी घेतात आणि मधेच वाढवून मागत नाहीत. इथवर पैकीच्या पैकी.

श्रीरामपूरला यांनी आम्हाला बराकपूरच्या बाजूनं नेलं आणि होडीनं नदी पार करवली, ही युक्ती फार चांगली. लोकलनं गेलात तर गावाच्या पाठीमागून शिरता. नदीतून गेलात की कॉलेजचा दर्शनी भाग समोर येतो, ज्या बाजूला तो मुद्दाम बांधलाय त्याच बाजूनं. सहा भले थोरले खांब, प्रत्येकाचा बुंधा चार फुटांहून जाड. मागं वळून पाहिलं की पलीकडच्या काठावर बराकपूर, जिथं इंग्रजांच्या गव्हर्नर जनरलचा उन्हाळी बंगला होता. दोन काठ, दोन राज्यं. त्या काळात श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं, नाव फ्रेडरिक्सनगर. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. १८१३ च्या सनदेपर्यंत तिनं त्यांना रीतसर येऊच दिलं नाही. म्हणून कॉलेज काढणाऱ्या तिघा मिशनऱ्यांपैकी विल्यम कॅरी १० जानेवारी १८०० रोजी या डॅनिश गावात येऊन राहिला. बाकीचे दोघे, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड, त्याच्या आधीच काही महिने तिथं उतरले होते. कॉलेज नदीच्या याच काठावर का, दुसऱ्या का नाही, हे होडीत बसल्यावर कुणी न सांगता कळतं. धाकट्यानं ते होडीतच सांगितलं आणि चांगलं सांगितलं.

मुख्य इमारत १८२१ ची. आत शिरल्यावर जिन्याचं दालन लागतं, ९० फूट लांब, २७ फूट रुंद आणि ४७ फूट उंच, आणि त्यात बिडाचे दोन जिने. आमच्यात शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी करून निवृत्त झालेले एक पाहुणे होते. बाकी सगळे वर माना करून छत बघत होते आणि हे गृहस्थ जिन्याशी गुडघ्यावर बसलेले. कठड्याच्या खालच्या अंगानं अंगठा फिरवत फिरवत ते साच्याचा जोड शोधत होते. मग मला जवळ बोलावलं. म्हणाले, "हे बघा, इथं दोन साचे मिळालेत. फेटलिंग केलंय, म्हणजे सांधा घासलाय, पण हाताला लागतंय. पॅटर्न करणाऱ्याचा हात बघा किती साफ. आमच्यात असा माणूस मिळाला तर मालक त्याला सोडायचा नाही." मीही अंगठा फिरवला. केसासारखी बारीक रेघ लागली. जिने बर्मिंगहॅमला ओतलेले, तिथून जहाजानं आलेले. दर्शनी फाटकही तिथलंच. कोल्हापूरच्या माणसाला ओतकामाची नजर असते, त्यानं हे जिने सावकाश बघावेत. आम्हाला तिथं पाच-दहा मिनिटंच मिळाली.

या इमारतीला पैसा कुठून आला, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच सहलीच्या चार पानी पुस्तिकेत नाही. पुस्तिका सगळी कॅरीची. तो इंग्लंडमध्ये जोडे शिवायचा, इतक्या भाषा शिकला, सतीची चाल बंद व्हावी म्हणून झटला. सगळं खरं आणि सांगण्यासारखंच. पण कॉलेज तिघांनी काढलं, आणि तिघं एका पंगतीला जेवून आपली सगळी कमाई एका पेटीत टाकायचे. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा. सुरुवातीला महिना पाचशे रुपये पगार, पुढं हजार. मार्शमन आणि त्याची बायको हॅना वसतिगृहाच्या शाळा चालवायचे. आणि वॉर्ड छापखाना सांभाळायचा. स्वतःच्या खर्चापुरतं थोडं ठेवून बाकी सगळं त्या पेटीत जायचं. इमारतीचा बराचसा पैसा त्याच पेटीतला. शाळेचा, पगाराचा आणि छपाईचा. पुस्तिकेत वॉर्डचं नावसुद्धा नाही याचं मला फार वाईट वाटलं. तो मुळात डार्बीचा छापखानेवाला. त्याच्या हाताखाली या गावात चाळीसच्या आसपास भाषांतली पुस्तकं छापली गेली. १८२३ साली पटकीनं गेला, कॉलेजला राजाची सनद मिळालेली त्याला बघायला मिळाली नाही.

पंचानन कर्मकारचं नावही पुस्तिकेत नाही. हा बंगाली लोहार. १७७८ साली हुगळीला छापलेल्या हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सबरोबर यानं खिळ्यांचं काम केलेलं. नंतर तो श्रीरामपूरला आला आणि इथली टाइप फौंड्री त्याच्या हातावर उभी राहिली. देवनागरीचे पंच कोरायला घेतले तेव्हा जोडाक्षरं धरून जवळजवळ सातशे वेगवेगळे पंच लागणार होते. पोलादाच्या एका टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृकेत शिसं ओतायचं, मग एक खिळा. असे सातशे. निम्म्यावर काम आलं असेल तेव्हा पंचानन वारला. पुढचं त्याचा जावई मनोहर यानं हातात घेतलं आणि कित्येक वर्षं चालवलं. आमच्या केसात, म्हणजे खिळे ठेवायच्या घराघरांच्या पेटीत, मात्रा, वेलांट्या, रफार सुटे असायचे, अक्षराच्या डोक्यावर बसवायचे. मुंबईकडच्या फौंड्र्यांनी ती डिग्रीची सोय नंतर काढली, म्हणून आमचं काम थोडक्या घरांत भागलं. श्रीरामपूरच्या अखंड खिळ्यांत प्रत्येक जोडणी वेगळी. त्या केसासमोर उभ्या राहणाऱ्या जुळाऱ्याला हात किती लांब करावा लागत असेल, याचा विचार मी त्या आवारात उभा राहून करत होतो.

आणि या सगळ्यात आपली मराठी आहे. पुस्तिकेत यावर दोन ओळी आहेत, दोन पानं हवी होती. १८०३ साली इंग्रज-मराठे युद्ध पेटलं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी येणं आता गरजेचं झालं. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचं काम कॅरीकडं आलं, त्याला मराठी सांगायला वैजनाथ पंडित होते. १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचं व्याकरण निघालं, त्याच्या शेवटी रोजच्या बोलण्यातले संवाद. त्याच वर्षी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश, त्यातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांत. पुढं सिंहासन बत्तिशी १८१४ ला, हितोपदेश १८१५ ला, नागपूरकर भोसल्यांची वंशावळ १८१६ ला, हीही मोडीतच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला तो १८३१ मध्ये. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब आले ते १८५२ ला. मराठी पुस्तकं त्याच्या किती आधी हुगळीच्या काठावर छापली जात होती ते बघा.

मोडीचे खिळे कसे केले असतील, हे मला कितीतरी वर्षं पडलेलं कोडं आहे. मोडी म्हणजे आधी ओळ मारायची आणि मग हात न उचलता अक्षरं त्या ओळीला लटकवत जायची. आपल्या पुराभिलेखागारात जुन्या मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, ते बघितलेत तर कळेल. एका अक्षराची शेपूट पुढच्या अक्षराच्या पोटात जाते. खिळा मात्र चौकोनी, आपल्या हद्दीबाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा प्रत्येक अक्षराची डोक्यावरची रेघ डावीउजवीकडं अगदी कडेपर्यंत न्यायची आणि शेजारच्या खिळ्याची रेघ तिला एक केसभरही फट न पडता मिळायला हवी. एखादा खिळा ओतताना जरा बसका झाला की सगळी ओळ तुटक दिसते. मी त्या शब्दकोशाच्या एका पानाची मोठी प्रत काढून कोल्हापूरहून बरोबर नेली होती. पोर्चच्या पायरीवर बसून फौंड्रीवाल्या पाहुण्यांना आणि गडहिंग्लजच्या दोन शिक्षिकांना दाखवली. रेघ मिळालीय. भिंग लावून बघितलं तर कुठं कुठं सांधा दिसतो, पण मिळालीय. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "मामा, हे करणाऱ्याला मराठी येत होतं का?" बंगाली लोहार, त्याला मोडीचं अक्षर वाचता यायची गरज नव्हती. वळण बघून तो कोरत होता, आणि वळण बरोबर की नाही हे सांगायला वैजनाथ पंडितांसारखी माणसं शेजारी होती. बाई बराच वेळ पान हातात घेऊन बसल्या.

११ मार्च १८१२ ची संध्याकाळ तर पुस्तिकेत हवीच होती. छापखान्याला आग लागली. कागदाच्या थप्प्या, हस्तलिखितं, कॅरीचा बहुभाषी शब्दकोश, सगळं जळालं. कितीतरी भाषांचे खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. कॅरी त्या वेळी कोलकात्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमन त्याला सांगायला गेला. इकडं वॉर्ड राखेत शोधत होता, आणि त्याला पोलादी पंच आणि मातृका शाबूत सापडल्या. शिसं वितळलं तरी ज्यावरून ते ओतायचं ते वाचलं होतं. तेच शिसं पुन्हा भट्टीत घालून काही महिन्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. ज्यानं कधी केस सांडलेली बघितलीय त्याला विचारा, नुसती एक केस पुन्हा लावायला किती वेळ लागतो ते. या माणसांनी सगळ्या भाषा परत लावल्या आणि सहा वर्षांत शेजारी कॉलेज काढलं.

कॉलेजचा जाहीरनामा जुलै १८१८ चा. पौर्वात्य विद्या आणि युरोपीय शास्त्रं, दोन्ही शिकवायची, ख्रिस्ती आणि इतर सगळ्या तरुणांसाठी. ३७ विद्यार्थ्यांवर सुरुवात झाली, त्यांत ख्रिस्तीही होते आणि हिंदूही. त्याच वर्षी त्याच छापखान्यातून समाचार दर्पण हे बंगाली वर्तमानपत्र निघालं. १८२० मध्ये कागद करायला वाफेचं इंजिन आणलं, कारण देशी कागदाला कसर लागायची. कॅरीची वनस्पतींची बाग, जॉन मॅकचे रसायनशास्त्राचे धडे, सगळं एवढ्याशा गावात. आज तिथं कोलकाता विद्यापीठाच्या पदवीसाठी शिकणारी मुलं-मुली वर्गात जातात आणि त्याच आवारात धर्मशास्त्राचा विभागही आहे. आम्ही गेलो तेव्हा पोरं सायकली लावून पायऱ्यांवर वह्या उघडून बसली होती. मराठीत बोलणारे एवढे म्हातारे बघून दोघी मुली आपण होऊन वाट दाखवायला आल्या. कॅरी ग्रंथालय आवारातच आहे. जुनी पुस्तकं बघायची असतील तर आधी पत्र लिहून विचारावं, गटानं अचानक जाऊन उभं राहू नये. हे सहलवाल्यांनी करून ठेवायला हवं होतं. त्यांनी केलं नव्हतं, त्यामुळं आम्ही बाहेरूनच परतलो.

तेवढ्यात धाकटा आला. "काका, बस खोळंबलीय. दक्षिणेश्वर दुपारी बंद व्हायच्या आत पोचायचंय." मी म्हटलं, "बाळा, दक्षिणेश्वर संध्याकाळी परत उघडतं. हे मला परत कधी दिसायचं?" तो चांगला पोरगा आहे. त्यानं बस पुढं धाडली आणि आम्हा चौघांसाठी टोटो ठरवून दिली, बॅटरीवरची रिक्षा. तिनं आम्ही मिशनच्या कब्रस्तानात गेलो. कॅरी, मार्शमन, वॉर्ड, तिघांच्या घरची माणसं तिथं आहेत. कॅरीच्या दगडावर जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एका गीताच्या ओळी, बस्स. प्राध्यापक होता, इतके ग्रंथ केले, त्यातलं एक अक्षर नाही. आम्ही तिथं प्रार्थना केली. मग सेंट ओलाव्ह चर्च बघितलं, १८०६ चं, डेन्मार्कच्या मदतीनं नीट दुरुस्त केलेलं, दर्शनी भागावर डेन्मार्कच्या राजाची आद्याक्षरं. शेजारी डेन्मार्क टॅव्हर्न म्हणून १७८६ ची खानावळ आहे, तीही पडायला आलेली होती, आता उभी करून तिथं चहा-कॉफी मिळते. चहा चांगला होता. हे सगळं सहलीच्या कार्यक्रमात नाही, आणि चौघांचं जे झालं ते चाळीस जणांचं झालं असतं.

म्हणून दोघा भावांना माझं सांगणं, तोंडी सांगितलंय आणि इथंही लिहितो. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि खरेदी मिळून जो एक दिवस जातो त्यातला अर्धा कापा. श्रीरामपूरला सकाळी पहिल्या होडीनं न्या, संध्याकाळी लोकलनं परत आणा. ग्रंथालयाला महिनाभर आधी पत्र लिहा. पुस्तिका नव्यानं करा, तिच्यात वॉर्ड, हॅना मार्शमन, पंचानन, मनोहर आणि वैजनाथ पंडित यांची नावं घाला. मजकूर मी लिहून देतो, प्रुफंही मीच तपासतो, पैसे नकोत. थोरल्या भावानं मजकूर मागितलाय, तो मी लिहायला घेतलाय.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑक्टोबरच्या आधी जाऊ नका, आवारात उभं राहवत नाही इतका घाम येतो. रविवार आणि कॉलेजच्या सुट्ट्या टाळा. होडीत चढताना फळी हलते, गुडघे दुखणाऱ्यांनी धाकट्याचा हात धरावा. भिंग बरोबर ठेवा. आणि फौंड्रीत काम केलेला माणूस ओळखीचा असेल तर त्याला आग्रह करून न्या.